फोन बदलायचाय? आधी पीयूके लिहून घ्या

बॅकअप, चार्जर, फोटो, कॉन्टॅक्ट हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यावर शब्द घालवत नाही. जुना फोन चालू असतानाच सेटिंगमध्ये जाऊन 'सिम लॉक', म्हणजे सिमला लावलेला पिन, शोधा. सुरक्षेच्या भागात कुठेतरी खोल दडलेलं असतं, पण असतं. ते चालू दिसलं आणि पिन आठवत नसेल, तर सिम काढू नका आणि फोन बंदही करू नका. आधी पीयूके मिळवा, म्हणजे पिन तीनदा चुकून अडकलेलं सिम उघडणारा कोड.

मागच्या खेपेला मी हे केलं नव्हतं. सिमला पिन कधीकाळी मीच लावला होता, पण जुना फोन क्वचितच बंद व्हायचा, त्यामुळे तो कधी विचारला गेला नाही आणि मी विसरून गेलो. बदली फोनात सिम घातलं आणि पडद्यावर 'पिन टाका'. मला वाटलं, फोनच विचारतोय. जुन्या फोनचा स्क्रीन लॉक टाकला, मग जन्मसाल, मग 1234. तीन संधी तिथेच संपल्या. हा पिन फोनमध्ये नसतो, सिममध्ये असतो आणि सिमबरोबर नव्या फोनात येतो, एवढंच मला माहीत नव्हतं. मग पीयूके मागितला. आठ आकडी. तोही मी अंदाजाने ठोकत बसलो! सहा प्रयत्न झाल्यावर कोणीतरी हात धरला. दहाव्या चुकीला सिम कायमचं मरतं, मग नवं घेण्यावाचून इलाज नाही.

पीयूके सिम कंपनीच्या ॲपमध्ये मिळेल म्हणून धावलो. ॲपला ओटीपी हवा. ओटीपी त्याच बंद सिमवर. शेवटी ओळखपत्र घेऊन रांगेत उभं राहावं लागलं. म्हणून सांगतो, पीयूके आधी. सिम ज्या प्लॅस्टिकच्या कार्डातून तोडून काढलं ते सापडलं तर त्यावर बहुधा छापलेला असतो. नाहीतर सिम चालू आहे तोवर कंपनीकडून घ्या. आणि कागदावर लिहा. फोनमध्ये नको, फोनच बदलतोय ना?

पिन आठवत असेल तर सिम लॉक सरळ बंद करून टाका. बंद करायलाही तोच पिन लागतो.

बदली म्हणून आलेला फोन आधी कोणी वापरलेला असेल तर देणारा समोर असतानाच तो सुरू करून सेटअप शेवटपर्यंत न्या. मधेच जुन्या मालकाचं गूगल खातं किंवा ॲपल आयडी मागितला, तर फोन परत करा. फॅक्टरी रीसेट मारून हे कुलूप निघत नाही, ते त्या मालकालाच काढावं लागतं. 'कोड फोडून देतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. जुन्या बटणवाल्या नोकियाची गोष्ट वेगळी: त्याचा मूळ सुरक्षा कोड 12345 असायचा, आधी तो बघा. पण तो फोनचा कोड, सिमचा नव्हे. कोण विचारतंय हे कळत नसेल तर सिम काढून फोन सुरू करा. तरीही विचारलं तर फोन, नाहीतर सिम. आणि सिम असेल तर, परत सांगतो, पीयूके.

जुन्या फोनचा स्क्रीन लॉक लिहून ठेवा, अँड्रॉइडचा बॅकअप परत आणताना तो मागतात. ऑथेंटिकेटर ॲपमधली (लॉगिनचे कोड दाखवणारं ॲप) खाती जुना फोन पुसायच्या, म्हणजे त्यातलं सगळं काढून टाकायच्या, आत नव्यावर न्या. फोन हाताशी नसताना खात्यात शिरायला लागणारे गूगलचे बॅकअप कोड काढून ठेवा, दहा मिळतात, एक कोड एकदाच चालतो. व्हॉट्सॲपच्या दोन टप्प्यांच्या पडताळणीचा सहा आकडी पिन विसरलात आणि ईमेल जोडलेला नसेल तर सात दिवस थांबावं लागतं, आत्ताच बघून घ्या. बँकेची ॲप्स सगळ्यात शेवटी.

मगच जुना फोन पुसा. पीयूकेचा कागद कुठे ठेवलाय?