वाळू आणि पाणी: गोव्यात गोल्फ खेळताना या चुका टाळा

काणकोणात, तळपण नदी समुद्राला मिळते त्या बाजूला सकाळी सातला खेळायला उतरलं की वारा जवळजवळ नसतोच. दुपारी समुद्रावरून खारं वारं सुटतं आणि सकाळी ज्या क्लबने (काठीने) तळं आरामात ओलांडलं होतं, त्याच क्लबने बॉल डुबूक!

इथली पहिली चूक म्हणजे होलमधल्या झेंड्याकडे बघून क्लब काढणं. पाण्यावरून मारताना बघायचा तो पलीकडचा काठ, आणि धरायचं ते बॉल हवेतून कापतो तेवढंच अंतर. काठ १२० यार्डांवर आहे आणि तुमचा आठ नंबरचा आयर्न (लोखंडी तोंडाचा क्लब) झकास बसला तरच १२५ जातो, तर तो बॅगेतच राहू द्या. दहातले किती फटके झकास बसतात, ते ज्याचं त्याला ठाऊक असतं.

ओलांडणं जमणार नसेल तर अलीकडे थांबायला लाज कसली? १९९९ च्या ब्रिटिश ओपनमध्ये कार्नूस्टीला ज्याँ व्हान द वेल्द या फ्रेंच गोल्फरला जिंकायला शेवटच्या होलवर सहा फटकेही चालणार होते. त्याने लांब मारायचा ड्रायव्हर काढला, तिसरा फटका ओढ्यात घातला, बूट काढून पाण्यात उतरला आणि सातवर संपवलं. बरोबरी झाली, आणि ती फोडायचा प्लेऑफही तो हरला.

बॉल पाण्यात गेल्यावर घाईत कुठेही ड्रॉप घेऊ (म्हणजे बॉल हातातून सोडून तिथून खेळू) नका. आधी पाण्याच्या कडेच्या खुंट्यांचा रंग बघा. खुंट्या लाल असतील तर बॉल जिथून आत शिरला त्या जागेपासून दोन क्लबलांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता, बाजूला ड्रॉप घेता येतो. पिवळ्यांना ही सोय नाही. पेनल्टी दोन्हीकडे सारखीच, एका फटक्याची. ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून.

आता वाळू. इथे माझीच फजिती सांगतो. सर पडून गेल्यावर मी भिजल्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) नेहमीसारखाच सँड वेज, म्हणजे वाळूतला क्लब, तोंड आकाशाकडे पूर्ण उघडून मारला. क्लब टणकन उसळून थेट बॉलच्या पोटात बसला आणि बॉल ग्रीनवरून (होलभोवतीच्या बारीक गवतावरून) पार माडांत. कॅडी शांतपणे म्हणाला, "सर, ही वाळू नव्हे, फरशी आहे."

कोरड्या भुसभुशीत वाळूत क्लबचं तोंड आधी उघडायचं, मगच पकड घ्यायची (पकडून मनगट वळवलं तर फटक्याच्या वेळी तोंड परत मिटतं), आणि बॉलच्या दोन इंच मागे वाळूला मारायचं. भिजलेल्या घट्ट वाळूत तोंड जवळजवळ सरळ ठेवा. बॉल कमी उंच येतो, जास्त घरंगळतो. तेवढी जागा आधीच हेरून ठेवा. दोन्हीकडे फटका अर्ध्यात सोडला की बॉल पुन्हा पायाशी.

वाळू कशी आहे हे हाताने किंवा क्लबने चाचपू नका, स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) दोन फटक्यांची पेनल्टी बसते. उभं राहताना पाय घट्ट रोवायला मात्र मुभा आहे, आणि वाळूचा अंदाज तळव्यांना आपसूक येतो.

बंकरमध्ये पावसाचं पाणी साचलं असेल तर त्याच बंकरमध्ये, होलच्या जवळ न जाता, फुकट ड्रॉप मिळतो. बाहेर घ्यायचा तर एक फटका मोजा. अख्खा बंकर तळं झालेला असेल तर मी मुकाट्याने तो एक फटका मोजतो.