वर्गात जीव आणण्याआधी: तिसरी-चौथीसाठी पावसाळी तयारीची यादी

परिसर अभ्यासाच्या तासाला सजीव प्रत्यक्ष दाखवायचे असतील, तर सामानाच्या आधी कॅलेंडर उघडा. आपल्याकडे शाळा उघडते आणि पाऊस सुरू होतो ते जवळपास एकाच सुमारास, त्यामुळे जुलैचा दुसरा पंधरवडा ते ऑगस्टचा मध्य हा काळ सोन्यासारखा. गांडुळं वर आलेली असतात, रुईला आणि कढीपत्त्याला नवी पालवी असते, बियाणं दोन दिवसांत मोड काढतं. या काळातल्या सुट्ट्या आधी पेन्सिलीनं खोडून टाका: रविवार, सणवार, केंद्राची (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची) शिक्षण परिषद, तुमचं प्रशिक्षण. उरलेल्या दिवसांत सलग चार दिवस सापडले की तिथे प्रयोग बसवा. आनंददायी शनिवारी अशा उपक्रमांना मोकळा वेळ मिळतो खरा, पण शनिवारी सुरू केलेल्या कामाला लगेच दुसऱ्या दिवशी कुलूप लागतं, आणि अळीला रविवार कळत नाही. शनिवारी बाहेर हिंडून नुसतं शोधायचं, आणायचं सोमवारी. हे बरं पडतं.

दुसरी गोष्टही कागदावरचीच. प्रत्येक जिवापुढे तो कुठून आणणार, रोज त्याचं कोण बघणार आणि शेवटी कुठे सोडणार हे लिहून काढा. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो जीव आणूच नका. माझ्या मते सगळ्या यादीत हीच एक अट न मोडण्यासारखी आहे. बाकी सगळं कमीजास्त चालतं.

पालकांना चार ओळींची चिठ्ठी द्या. मुलाला कशाची ॲलर्जी आहे का, दमा आहे का, एवढं विचारा आणि कुठलाही जीव मारला जाणार नाही, कापला जाणार नाही, हे स्पष्ट लिहा. काही घरांत हा प्रश्न श्रद्धेचा असतो. आधी सांगितलं की नंतर कुणी शाळेत येऊन विचारत नाही. कुणी घरचा पोपट किंवा कासव आणायची तयारी दाखवली तर प्रेमानं नाही म्हणा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि आपल्याकडचे पोपट किंवा चांदणी कासव पाळणं हा गुन्हा आहे, हे अजून बऱ्याच घरांत माहीत नसतं.

आता बियाणं. ते किराणा दुकानातून घ्या, कृषी केंद्रातून नको. पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, बहुतेक वेळा त्यावर लाल-गुलाबी रंगही असतो, आणि तिसरीतलं मूल दाणा तोंडात घालणार हे धरूनच चालायचं. अख्खे मूग आणि अख्खे हरभरे, दोन्ही मूठ-मूठ. डाळ नको, भाजलेले फुटाणे नकोत. पण वर्गाला पेच टाकायला डाळीचे आणि फुटाण्यांचे चार-चार दाणे मुद्दाम ठेवा: यांना मोड येतील का, हे आधी वदवून घ्या. मंगळवारी तास असेल तर रविवारी रात्री भिजत घाला, सोमवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधा. मंगळवारी मुळाचं पांढरं टोक बाहेर आलेलं असतं. मुगाला थोडी घाई, हरभऱ्याला थोडा वेळ.

मूग आणि हरभरा ही जोडी मी सुचवते त्याला कारण आहे. काचेच्या पेल्यात आतून टिपकागद लावा, मध्ये कापूस भरा आणि दाणे काच व कागद यांच्यामध्ये अडकवा, म्हणजे सगळं बाहेरून दिसतं. मुगाचं देठ आधी वाकून कमान करतं, मग सरळ होताना आपल्या दोन्ही डाळिंब्या, म्हणजे दाण्याची दोन दलं, वर उचलून घेतं; त्यांच्यामधून पहिली पानं उघडतात आणि डाळिंब्या आकसत जाऊन गळतात. हरभरा मात्र डाळिंब्या खालीच ठेवतो आणि नुसता कोंब वर पाठवतो. हा फरक मुलांना सांगू नका. दोन्ही पेले शेजारी ठेवा आणि रोज एकच प्रश्न विचारा: दाणा कुठे गेला? कुणीतरी ओरडतंच.

पेल्यांना नावं घालायला कागदी चिकटपट्टी आणि पेन्सिल घ्या. पाण्यानं शाई ओघळते, पेन्सिल राहते. चार पेले वेगळे ठेवा: एक नेहमीचा, एक कोरडा, एक गळ्यापर्यंत पाण्यात बुडालेला, एक काळ्या कागदात गुंडाळून कपाटात. एका पेल्यात एकच गोष्ट बदलायची, ही शिस्त याच वयात लागते. कपाटातले मूग उघडल्यावर मुलं हमखास बुचकळ्यात पडतात, कारण ते उजेडातल्यापेक्षा उंच झालेले असतात. पिवळे, लुळे, पण उंच. त्यावर चर्चेला अर्धा तास मोकळा ठेवा.

अळ्यांची तयारी सगळ्यात जास्त लागते आणि तिचं फळही सगळ्यात जास्त. आधी झाड शोधा, अळी मागाहून. शाळेच्या आवारात किंवा कुणाच्या परसात कढीपत्ता किंवा लिंबू असेल तर कोवळ्या पानांवर पक्ष्याची शीट पडल्यासारखा काळा-पांढरा ठिपका दिसतो का बघा. तो हलला तर अळी. मोठी झाली की हीच अळी हिरवी होते. तिला ब्रशनं हलकेच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी दुबेळकं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. त्यानं काही होत नाही, पण एकदा दाखवलं की पुरे, सगळ्या वर्गानं रांगेनं डिवचायचं नाही. नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, हे २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. ते याच कुळातलं. त्याचं चित्र भिंतीवर लावा, अळी मात्र साध्या कढीपत्त्यावरचीच घ्या.

पानं त्याच झाडाची आणायची. बाजारातल्या कढीपत्त्याच्या जुडीवर फवारणी असू शकते आणि ती खाऊन अळ्या मरतात. रविवारसाठी फांदी पाण्याच्या बाटलीत खोचून ठेवा, बाटलीचं तोंड कापसानं बुजवा, नाहीतर अळी देठावरून खाली उतरून पाण्यात बुडते.

दुसरं झाड रुई. मारुतीच्या देवळाच्या आसपास बघा, शनिवारच्या हारासाठी कुणीतरी जपलेली असते. पानाच्या खालच्या बाजूला काळे, पांढरे, पिवळे पट्टे असलेली आणि अंगावर काळ्या शेंड्यांच्या तीन जोड्या मिरवणारी अळी दिसली तर ती प्लेन टायगर फुलपाखराची. देखणी आहे, दिवसभर उघड्यावर खाते, मुलांना सहज दिसते. पण रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते, तेव्हा रुई मुलांच्या हाती द्यायचीच नाही. पान तुम्ही कात्रीनं कापा, चीक निथळू द्या, पान धुऊन पुसून डब्यात ठेवा आणि हात साबणानं धुवा. कण्हेरीवर लटकलेला चंदेरी चकचकीत कोश पाहून मोह होतो. पण कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे, म्हणून तो जागेवर नेऊनच दाखवावा.

डबा कुठला? मिठाईच्या दुकानात मिळतो तो मोठा पारदर्शक प्लास्टिकचा चालतो, पण झाकणाऐवजी वर मच्छरदानीचं कापड आणि रबर लावा. आत एक आडवी काडी हवीच. अळी कोशात जाते ती आधाराला धरून, आणि बाहेर आलेल्या फुलपाखराला लटकून पंख सरळ करायला खाली मोकळी जागा लागते. बुटक्या डब्यात पंख मुडपलेले राहतात आणि मग ते उडू शकत नाही. तळाला वर्तमानपत्र घाला, रोज लेंड्यांसकट बदला. हे काम मुलांच्या पाळीवर टाका, त्यांना लेंड्या मोजायला भारी आवडतं. किती खाल्लं आणि किती टाकलं, याचा तक्ता आपोआप तयार होतो. लिंबाच्या अळीचा कोश शेपटीशी चिकटलेला आणि कमरेला रेशमी धाग्याचा करदोटा बांधलेला असतो, रुईच्या अळीचा मात्र उलटा लोंबतो. दोन्ही डबे असतील तर शेजारी मांडा.

आणि मनाची तयारी: एखाद्या अळीतून किंवा कोशातून फुलपाखराऐवजी माशी किंवा गांधीलमाशीच्या जातीचा बारीक कीटक बाहेर येतो. त्याच्या आईनं अळीच्या अंगात किंवा अंगावर अंडी घातलेली असतात. मुलं रडतात. डबा लपवू नका, जे झालं ते तसंच सांगा.

गांडुळांसाठी खुरपं, ओली माती, जुना ट्रे आणि पाण्याची फवारणीची बाटली. ती त्वचेतून श्वास घेतात, म्हणून अंग कोरडं पडता कामा नये. मुलांचे हात आधी ओले करवा, आणि दहा मिनिटांनी गांडूळ परत मातीत. डब्यातलं मीठ कुलूपबंद, कारण चौथीत एखादा तरी मीठ टाकून बघायला टपलेला असतो. क्षणभर कोऱ्या कागदावर ठेवून कान लावा: अंगावरचे बारीक काटे कागदाला घासतात त्याची खरखर ऐकू येते. पंखा बंद केला तरच. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावलेला आणि न लावलेला, दोन्ही तयार ठेवा. पांढऱ्या उजेडाला गांडूळ आक्रसतं, लाल उजेडाला सहसा फारसं बधत नाही.

डार्विननं म्हातारपणी गांडुळांसमोर पियानो वाजवण्याचा प्रयोग केला होता. नुसत्या सुरांना ती ढिम्म, पण कुंडी पियानोवरच ठेवली तेव्हा बिळात पळाली. आपल्याकडे ऑगस्टमध्ये ढोलताशाची तालीम चाललेलीच असते, त्यामुळे सामान मागायला लांब जावं लागत नाही. ट्रे एका बाकावर, ढोल आधी लांब आणि मग त्याच बाकावर. मुख्याध्यापकांची परवानगी आणि शेजारच्या वर्गाला पूर्वसूचना, एवढं या प्रयोगाच्या यादीत नक्की लिहा.

काही जीव मुद्दाम यादीबाहेर ठेवायचे. पहिली शंखी गोगलगाय. २०२२ च्या खरिपात मराठवाड्यात हिनं कोवळं सोयाबीन फस्त केलं होतं, शिवाय माणसाच्या मेंदूपर्यंत पोचणारा एक जंत हिच्या अंगात असू शकतो. उघड्या हातानं धरायची नाही, वर्गात आणायची नाही, आणलीच गेली तर दुसऱ्या शिवारात सोडायची तर मुळीच नाही. केसाळ सुरवंट, घोण, विंचू यांच्याबद्दल वेगळं सांगायला नको. मुलांना मात्र बाहेर पडण्याआधी सांगा. वाणी, म्हणजे हात लावला की वेटोळं घालणारा पैसा, दिसला तर जमिनीवरच बघा. तो सोडतो त्या रसानं बोटं पिवळी-तपकिरी होतात आणि डोळे चुरचुरतात.

डासांच्या अळ्यांबद्दल माझं मत दोन्हीकडचं आहे. पाण्याला समांतर आडवी पडलेली अळी मलेरियाच्या डासाची, तिरकी लटकणारी बाकीच्यांची, हे डोळ्यांनी पाहिलेलं मूल घरी जाऊन पिंप तपासतं. पण डेंग्यूच्या डासाचं अंड्यापासून उडण्यापर्यंत सात ते दहा दिवसांत उरकतं, आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून सुकवायचा कोरडा दिवस त्यासाठीच असतो. तेव्हा बरणीला दुहेरी कापड, मुक्काम दोन दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि नंतर पाणी उन्हातल्या कोरड्या मातीवर ओतायचं. हे पाळणं जमणार नसेल तर हा प्रयोग सोडून द्या.

पावाच्या बुरशीला फारशी तयारी नको: ओलसर तुकडा पारदर्शक पिशवीत, तोंड चिकटपट्टीनं पक्कं बंद, आणि ती पिशवी पुन्हा कधीच उघडायची नाही. तशीच कचऱ्यात.

अवजारं थोडीच लागतात. चार-पाच मुलांमागे एक भिंग, चित्रकलेचा बारीक ब्रश (चिमट्यानं अळी चेंगरते), ड्रॉपर, पट्टी, सुतळीचा तुकडा. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर पाण्याचा बारीक थेंब ठेवला तर तोही भिंगाचं काम करतो. फोन स्वतःचा वापरा. फोल्डस्कोप मिळाला तर उत्तमच, शास्त्रज्ञ मनू प्रकाश यांच्या चमूनं बनवलेला हा कागदी सूक्ष्मदर्शक मुलं स्वतः घडी घालून तयार करतात. साबण आणि पाण्याची बादली दाराशीच ठेवा, वर्गाच्या मागे नको.

वहीचं पान आधी आखून द्या: वरती तारीख, मग ‘काय होईल असं वाटतं’, मग चित्र, शेवटी ‘काय झालं’. चित्र जिवाकडे बघूनच काढायचं. आधी पाय मोजायला लावा. बहुतेक मुलं अळीला सगळीकडे सारखे पाय काढतात. भिंग दिल्यावर पुढच्या टोकदार पायांच्या तीन जोड्या आणि मागच्या गुबगुबीत पायांच्या पाच जोड्या वेगळ्या दिसू लागतात. चुकलेलं चित्र खोडायला लावू नका, शेजारी दुसरं काढू द्या.

आता तिसरा रकाना: शेवटी कुठे सोडायचं. फुलपाखरू बहुधा सकाळी बाहेर येतं आणि पंख वाळायला त्याला तास-दोन तास लागतात. पाऊस उघडलेला बघून, ज्या झाडावरून अळी आणली तिथेच सोडा. झड लागली तर एक दिवस जाळीत राहू द्या. गांडुळं सावलीतल्या भुसभुशीत ओल्या मातीत, संध्याकाळी. मुगाची रोपं टाकू नका. पोषण आहाराच्या परसबागेत एक वाफा स्वयंपाक करणाऱ्या ताईंकडून आधीच मागून घ्या, कारण ऑगस्टमध्ये तिथे मेथी टाकलेली असते आणि मग जागा मिळत नाही. मूग साधारण दोन-सव्वादोन महिन्यांत शेंगांवर येतो, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीआधी तोडणी होईल. तोपर्यंत पाणी कोण घालणार त्यांची नावं दारावर लावा, आणि त्यात सहामाही परीक्षेच्या आठवड्याची नावं वेगळी लिहा.