अँबेसेडरला नवा डिस्ट्रिब्यूटर बसवताय? या चुका टाळा

जुन्या अँबेसेडरचा डिस्ट्रिब्यूटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगीचा करंट पोचवणारा भाग) बदलायचं ठरलं की मिस्त्री पहिली गोष्ट करतो ती म्हणजे जुना उपटून काढतो. नवा बसवतो, गाडी फटफटते, मग 'जरा हलवून बघू' सुरू होतं. कानाने ऐकत डिस्ट्रिब्यूटरची बॉडी इकडे फिरव, तिकडे फिरव, इंजिन धरलं की बोल्ट आवळ. गाडी चालते, पण घाटात गरम होते नाहीतर ठोके मारते, आणि दोष नव्या पार्टावर जातो. खरं तर बॉडी फिरवणं हे या कामातलं सगळ्यात शेवटचं पाऊल. त्याआधीच्या चार-पाच गोष्टी चुकल्या असतील तर कितीही फिरवून उपयोग नाही.

हे सगळं १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाबद्दल आहे, म्हणजे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सीरिज. पुढे आलेल्या १८०० सीसी इसुझू इंजिनाचे आकडे वेगळे, आणि डिझेलला डिस्ट्रिब्यूटरच नसतो.

जुना काढण्याआधी

कॅप उघडा, रोटरचं (आत फिरणाऱ्या तुकड्याचं) तोंड कुठे आहे त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. कोणती प्लग वायर कॅपच्या कुठल्या खाचेत आहे त्याचाही घ्या. व्हॅक्यूमचा डबा कोणत्या बाजूला आहे ते दिसू द्या. दोन मिनिटांचं काम, पण हेच राहून जातं. डिस्ट्रिब्यूटर बाहेर असताना कोणी स्टार्टर मारला तर फोटो जवळजवळ वाया जातो, म्हणून बॅटरीची वायर आधी काढून ठेवा.

पिस्टन वर आहे, पण कोणत्या फेरीत?

सगळ्यात जास्त गाड्या इथे अडकतात. पुलीवरची खूण टायमिंग कव्हरवरच्या खुणेशी जुळली की एक नंबर पिस्टन वर आला हे खरं. पण चार स्ट्रोकच्या इंजिनात तो दोनदा वर येतो: एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, एकदा धूर बाहेर टाकून झाल्यावर. ठिणगी पहिल्या वेळी हवी. दुसऱ्या वेळचं 'वर' धरून बसवला तर गाडी सुरू होत नाही आणि कार्ब्युरेटरमधून फटाका वाजतो.

ओळखायचं कसं? रेडिएटरच्या बाजूचा एक नंबरचा प्लग काढा, भोकावर अंगठा दाबा आणि दुसऱ्याला हँडलने इंजिन हळू फिरवायला सांगा. अंगठ्याला आतून जोराचा दाब बसला की ती कॉम्प्रेशनची फेरी. टॅपेट कव्हर उघडं असेल तर मला दुसरी खूण जास्त भरवशाची वाटते: चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व एकाच वेळी हलत असतील, एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, तेव्हा एक नंबर ठिणगीच्या वेळेवर असतो.

फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम, १-३-४-२. रोटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतो. वायरी घड्याळाच्या दिशेने लावल्या तर एक आणि चार बरोबर बसतात, तीन आणि दोनची अदलाबदल होते. गाडी दोन सिलिंडरवर घरघरते, आणि मिस्त्री कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा भाग) बदलत बसतो.

खालची जीभ

डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्याच्या टोकाला जीभ असते. ती मधोमध नसते, थोडी एका बाजूला सरकलेली असते, म्हणून इंजिनातल्या खाचेत एकाच तऱ्हेने बसते. बसत नसेल तर ठोकू नका. रोटर बोटाने थोडा फिरवत खाली सोडा, खाच मिळाली की तो आपोआप पूर्ण खाली जातो.

बाजारात मिळणाऱ्या किंवा दुरुस्त करून आणलेल्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये ही जीभ पिन काढून उलटी बसवलेली असू शकते. मग सगळं बरोबर करूनही रोटर नेमका कॅपच्या विरुद्ध बाजूच्या खाचेकडे तोंड करतो. नवा आणि जुना शेजारी धरून, दोघांच्या जिभेची सरकलेली बाजू आणि रोटरची खाच जुळते का ते आधीच पाहा. इंजिनातली खालची गिअरची दांडी कोणी काढून एखादा दात चुकवून घातली असेल तरी असंच होतं. अशा वेळी इंजिन उघडायची घाई नको: रोटर कॅपच्या ज्या खाचेकडे बघतोय तिला एक नंबर धरून वायरी फिरवून लावल्या तरी इंजिनाला काही फरक पडत नाही. अडचण एवढीच की बॉडी फिरवायला जागा उरते का ते पाहावं लागतं.

आधी पॉइंट, मग टायमिंग

सीबी पॉइंटचं (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांचं) अंतर आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) एकमेकांत गुंतलेले आहेत. अंतर वाढलं की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग पुढे जातं. कमी झालं की मागे. म्हणून टायमिंग लावून झाल्यावर पॉइंटला हात लावला की सगळं पुन्हा करायचं. ल्युकास कंपनीच्या पद्धतीच्या डिस्ट्रिब्यूटरला अंतर ०.३५ ते ०.४० मिमी, तेही पॉइंट कॅमच्या (दांड्यावरच्या उंचवट्याच्या) उंच टोकावर असताना मोजायचं.

पॉइंट लावताना आणखी एक छोटी, पण छळणारी चूक. कॉइलकडून येणारी वायर आणि कंडेन्सरची वायर, दोन्हींच्या कड्या स्प्रिंगला लागायला हव्यात, आणि पट्टीपासून प्लॅस्टिकच्या वॉशरने वेगळ्या. वॉशर उलटसुलट बसला की वायर थेट अर्थ होते, म्हणजे गाडीच्या धातूला टेकते. करंट येत नाही, आणि नवी कॉइल घेतली तरी येत नाही. पॉइंट ज्यावर बसतात त्या प्लेटला जोडणारी अर्थची बारीक वायर आतून तुटलेली असली तर गाडी रिकामी छान चालते, पण व्हॅक्यूमने प्लेट हलली की मिसिंग करते, म्हणजे मधूनच ठिणगी चुकते. ती वायर हलवून, ओढून पाहा.

दिव्याने लावा

स्ट्रोब लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) नसेल तरी चालतं. बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प डिस्ट्रिब्यूटरच्या वायरीच्या टोकाला आणि इंजिनाला लावा, इग्निशन चालू करा. पॉइंट बंद असताना दिवा विझलेला, उघडताच पेटतो. आता इंजिन तुमच्या मॅन्युअलमधल्या अंशाच्या खुणेवर आणा, फिरण्याच्या दिशेनेच. पुढे गेलं तर तसंच मागे ढकलू नका: चेनचा ढिलेपणा मध्ये येतो, म्हणून बरंच मागे नेऊन पुन्हा खुणेवर आणा. रोटर घड्याळाच्या दिशेने बोटाने हलका दाबून धरा, म्हणजे दातांमधली चाल निघून जाते. बॉडी आधी उलट्या दिशेने फिरवून दिवा विझवा, मग घड्याळाच्या दिशेने अगदी हळू फिरवा. दिवा ज्या क्षणी पेटला तिथे थांबा आणि क्लॅम्प आवळा.

जोर लावून आवळू नका. पातळ पट्टी वाकते, डिस्ट्रिब्यूटर तिरपा बसतो. काम झाल्यावर इग्निशन बंद करा, पॉइंट मिटलेले असताना ते चालू राहिलं तर कॉइल तापते.

स्ट्रोबने तपासताना व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा, आणि इंजिन अगदी हळू, आयडलवर ठेवा. पुलीची खूण खडूने पांढरी केली तर दिसते. ओढणी, मफलर, लोंबती बाही पंख्यापासून लांब. आणि लक्षात असू द्या, डिस्ट्रिब्यूटर इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून बॉडी एक अंश सरकली की टायमिंग दोन अंश बदलतं.

लक्षणावरून

स्टार्टर मारताच उलटा झटका बसतो, किंवा घाट चढताना टकटक येते: टायमिंग जास्त पुढे आहे, थोडं मागे घ्या. पिकअप नाही, गाडी गरम होते, सायलेन्सर लालबुंद: मागे राहिलंय. गाडी गरम झाल्यावरच बंद पडते आणि गार झाली की पुन्हा लागते: आधी कंडेन्सर बदलून पाहा, नवीनही खराब निघतात. दोन-चार जवळ ठेवलेले बरे.

इलेक्ट्रॉनिक किट असलेला डिस्ट्रिब्यूटर घेतला असेल तर आधी बॅटरीचं कोणतं टोक अर्थला आहे ते पाहा, कारण काही खूप जुन्या गाड्यांत ते पॉझिटिव्ह असायचं, आणि उलटा जोडला तर मॉड्यूल त्याच क्षणी जळतो.

पॉइंटवालाच बसवला असेल तर पाचेकशे किलोमीटर झाल्यावर अंतर पुन्हा मोजा. पॉइंटची कॅमवर टेकणारी नवी टाच घासून बसते, अंतर कमी होतं आणि टायमिंग मागे सरकतं. कॅमवर ग्रीसचा अगदी बारीक लेप लावा, रोटरखालच्या स्क्रूवर तेलाचे दोन थेंब द्या. जास्त तेल पॉइंटपर्यंत पोचलं तर पुन्हा मिसिंग सुरू होतं.