१९८८ चं मालदीवचं बंड पाठ करू नका, नकाशावर समजून घ्या

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे बरेच जण "ऑपरेशन कॅक्टस, १९८८, मालदीव" एवढं घोकतात (म्हणजे हे बंड मोडायला गेलेल्या भारतीय सैन्याची मोहीम) आणि पुढे जातात, मग बंड का फसलं असं कुणी विचारलं की अडकतात. म्हणून मी सांगतो तसं करून बघा.

आधी मोबाईलवर मॅप उघडून मालदीवची राजधानी माले शोधा. एवढंसं बेट, तास-दीड तासात चालत फेरी होईल, आणि विमानतळ त्या बेटावर नाहीच, तो शेजारच्या हुलुले बेटावर आहे, मधे समुद्र. आता पूल झालाय पण तेव्हा बोटीशिवाय जाता यायचं नाही. हे डोक्यात बसलं ना की अर्धं काम झालं.

मग वहीत दोन रकाने आखा, बंडवाल्यांच्या हाती काय लागलं आणि काय निसटलं. ३ नोव्हेंबरच्या पहाटे श्रीलंकेहून बोटीने आलेले ऐंशीच्या आसपास भाडोत्री सैनिक मालेत शिरले, त्यांना आणणारा अब्दुल्ला लुथुफी हा मालदीवचाच व्यापारी, बऱ्याच सरकारी इमारती त्यांनी घेतल्या, हा पहिला रकाना. खरी गोष्ट दुसऱ्यात आहे. राष्ट्राध्यक्ष गयूम सापडलेच नाहीत, या घरातून त्या घरात लपत राहिले, सुरक्षा दलाचं मुख्यालय पडलं नाही, बाहेरच्या देशांना मदतीचे निरोप गेले, आणि त्याच रात्री आग्र्याहून दोन हजार किमीपेक्षा जास्त अंतर न थांबता कापून आपले पॅराट्रूपर हुलुलेला उतरले तेव्हा धावपट्टी बंडवाल्यांकडे नव्हती!

एक चूक मात्र टाळा, त्या सैनिकांना लिट्टे लिहू नका. ते प्लोट या वेगळ्या तमिळ संघटनेचे होते.

आणि विमानं उतरली की गोष्ट संपवू नका प्लीज. लुथुफी आणि बरेच भाडोत्री सैनिक प्रोग्रेस लाइट नावाचं मालवाहू जहाज पळवून ओलिसांसकट श्रीलंकेकडे निघाले होते. आपल्या नौदलाच्या युद्धनौका आयएनएस गोदावरी आणि बेतवा मागे लागल्या, ६ नोव्हेंबरला जहाज हाती आलं. पण त्याआधी दोन ओलिसांना मारलं होतं, नोट्समधे ही ओळ सहसा नसते, तुम्ही लिहा.