ग्रीन कार्डची तारीख: बघायची कशी, जपायची कशी

पोरगा अमेरिकेत नोकरीला असला की लग्नाकार्यात एक प्रश्न ठरलेला, 'ग्रीन कार्ड झालं का हो?' आणि उत्तर पण ठरलेलं, 'प्रोसेसमध्ये आहे.' नक्की कुठे अडकलंय हे बऱ्याचदा ज्याचं अडकलंय त्यालाच धड सांगता येत नाही, म्हणून हे जरा सविस्तर.

आधी हिशोब. नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, १९९० च्या कायद्यापासून आकडा हाच. यात नवरा किंवा बायको आणि २१ वर्षांखालची मुलं पण मोजली जातात, म्हणजे नोकरी एकाची आणि कोट्यातली कार्डं चार गेली. नोकरीवाल्यांच्या कॅटेगऱ्यांना ईबी म्हणतात, त्यातल्या ईबी-१, ईबी-२, ईबी-३ ला प्रत्येकी २८.६ टक्के, म्हणजे ४०,००० च्या आसपास. त्यावर कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, मग भारत असो नाहीतर आइसलँड. ४०,००० चे ७ टक्के काढा, २,८०० येतात, आणि मग आयटीत गेलेली आपली फक्त इंजिनियर मंडळी डोळ्यासमोर आणा. बाकीच्यांनी न वापरलेली उरली तर ती जुन्या तारखेवाल्यांना मिळतात, म्हणून कधी कधी रांग अचानक पळते. कोविडमध्ये वकिलाती बंद पडल्या, फॅमिली कोट्यातली उरली, आणि २०२१ आणि २०२२ या आर्थिक वर्षांत नोकरीवाल्यांचा कोटा दर वर्षी अडीच लाखांवर गेला. पण तसं वर्ष परत येईल या भरवशावर घर-बिर घेऊ नका.

म्हाडाच्या लॉटरीसारखं नशिबाचं काम नाहीये हे, सरळ रांग आहे आणि रांगेतला तुमचा नंबर म्हणजे प्रायॉरिटी डेट. कंपनीने लेबर खात्याकडे पर्म (या जागेला अमेरिकन माणूस मिळत नाही हे दाखवणारा अर्ज) ज्या दिवशी फाइल केलं तो दिवस, आणि पर्म लागत नसेल तर आय-१४० (बहुतेक वेळा कंपनीच तुमच्यासाठी इमिग्रेशन खात्याकडे करते तो अर्ज) फाइल झाला तो दिवस. एच-१बी (तिथला तात्पुरता कामाचा व्हिसा) कधी लागला, अमेरिकेत किती वर्षं काढली, याचा तारखेशी काही संबंध नाही, त्यामुळे 'पुढच्या वर्षी सुरू करू' म्हणणाऱ्या मॅनेजरच्या मागे हात धुऊन लागा, ते एक वर्ष कोणी परत देत नाही.

आता व्हिसा बुलेटिन. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला काढतं, पुढच्या महिन्याचं साधारण आदल्या महिन्याच्या मध्यावर येतं. त्यात इंडियाचा कॉलम आणि तुमच्या कॅटेगरीची ओळ. तिथली तारीख तुमच्या तारखेच्या नंतरची पाहिजे, नेमकी तीच असली तरी नंबर लागला नाही. 'सी' म्हणजे करंट, 'यू' म्हणजे या महिन्यात काही नाही. तक्ते दोन असतात, फायनल अॅक्शन आणि डेट्स फॉर फायलिंग. कार्ड किंवा व्हिसा पहिल्यावर मिळतो, कागद जमा करायला दुसरा. तिथे राहून आय-४८५ (ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज) भरणाऱ्यांनी कुठला बघायचा ते यूएससीआयएस, म्हणजे अमेरिकेचं इमिग्रेशन खातं, दर महिन्याला जाहीर करतं, ते न बघता लोक व्हॉट्सअॅपवर पेढे वाटायला लागतात. अंदाज यावा म्हणून सांगतो, ऑक्टोबर २०२५ ला फायनल अॅक्शनमध्ये भारताचं ईबी-२ होतं १ एप्रिल २०१३ वर आणि ईबी-३ होतं २२ ऑगस्ट २०१३ वर.

आणि तारीख मागे पण येते बरं का. २०१२ च्या एप्रिलमध्ये भारताचं ईबी-२ मे २०१० पर्यंत आलेलं, मे महिन्यात थेट ऑगस्ट २००७ वर. २००७ च्या जुलैत तर जवळजवळ सगळ्यांना करंट दाखवलं आणि २ तारखेलाच पलटी मारली, तेव्हा लोकांनी इमिग्रेशनच्या डायरेक्टरला फुलं पाठवून चक्क गांधीगिरी केली आणि शेवटी १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले गेले. त्यामुळे वर्षाला किती महिने सरकली याचा भागाकार करून 'अजून अमुक वर्षं' असं कोणी छातीठोक सांगत असेल तर ऐकून सोडून द्या. आणि पैसे घेऊन तारीख पुढे आणून देतो म्हणणारा एजंट दिसला तर उठून चालू पडा.

एक गोष्ट आपल्याकडे खूप जण तपासतच नाहीत. देश नागरिकत्वावरून नाही, जन्मावरून धरतात. तुम्ही परळच्या केईएममध्ये जन्मलात म्हणजे भारत, विषय संपला. पण बायको मस्कत किंवा दुबईत जन्मलेली असेल (कोकणातली किती घरं गल्फला होती!) तर तिच्या जन्मदेशाच्या रांगेत तुम्हाला पण जाता येतं, पासपोर्ट दोघांचा भारतीय असला तरी. मुलाच्या जन्मावरून मात्र आईबापाला हा फायदा नाही.

आय-१४० मंजूर झाला की त्याच्या नोटिशीची कॉपी मागून घ्या, अर्ज कंपनीचा असल्याने काही एचआर टाळाटाळ करतात, चिकाटी सोडू नका. नोकरी बदलली तर नवी कंपनी पर्म आणि आय-१४० परत करते पण जुनी तारीख तुमचीच राहते, फ्रॉड वगैरे निघाला नाही तर. मंजुरीला १८० दिवस झाले की जुन्या कंपनीने अर्ज मागे घेतला तरी मंजुरी रद्द होत नाही, आणि नुसतं मागे घेतल्याने तारीख तर जात नाहीच. याच मंजुरीवर एच-१बी सहा वर्षांच्या पुढे वाढतो. आईवडिलांसाठी मुंबईला परत आलात तरी तारीख मरत नाही, फक्त नंबर येईल तेव्हा नोकरी द्यायला कंपनी तयार पाहिजे.

मुलांचं वय आत्ताच मोजा. नंबर लागेल त्या दिवशीच्या वयातून आय-१४० पेंडिंग होता तेवढा काळ वजा होतो. २१ वर्षं ४ महिने आणि पेंडिंग ६ महिने, तर वय २० वर्षं १० महिने, वाचला, पण एका वर्षाच्या आत अर्ज करायलाच हवा. आय-१४० प्रीमियममध्ये (जादा फी भरून) पटकन उरकला असेल तर वजा करायला जवळजवळ काहीच उरत नाही हे पण लक्षात ठेवा.

इथून, म्हणजे बीकेसीच्या कॉन्सुलेटमधून करणार असाल तर खरी डोकेदुखी जन्मदाखल्याची. बीएमसीच्या जुन्या दाखल्यावर बाळाच्या नावाचा रकाना बऱ्याचदा रिकामा असतो, आणि आईचं नाव तिथे सुमन तर पासपोर्टवर लग्नातलं बदललेलं शुभांगी. वॉर्ड ऑफिसला आत्ताच जाऊन या, नंबर लागल्यावर धावपळ नको. नोंदच नसेल तर अनुपलब्धतेचा दाखला घ्या आणि नात्यातल्या मोठ्या माणसांची अॅफिडेव्हिट करून ठेवा. पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळणारी पीसीसी (पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट) मात्र इतक्या लवकर काढू नका, शिळी होते. आणि एनव्हीसीकडे (परराष्ट्र खात्याचं नॅशनल व्हिसा सेंटर, कॉन्सुलेटच्या आधी कागद तेच गोळा करतं) दिलेला ईमेल आयडी जुन्या कंपनीचा असेल तर आधी बदला, कारण नंबर लागल्याचं कळवल्यावर वर्षभर तुमच्याकडून काहीच गेलं नाही तर ते केस बंद करू शकतात.