मारल्या गेलेल्या आईबापांचं काम पुढे न्यायचं तर आधी नोंद, मग निधी

14 फेब्रुवारी 2008 रोजी थायलंडमधल्या मे सोत इथे, राहत्या घरात पाडो मान शा यांना गोळ्या घालून मारलं. ते कॅरेन नॅशनल युनियनचे, म्हणजे ब्रह्मदेशातल्या कॅरेन या अल्पसंख्य समाजाच्या हक्कांसाठी सशस्त्र लढा देणाऱ्या संघटनेचे, सरचिटणीस होते. पुढे त्यांच्या चार मुलांनी फान फाउंडेशन काढलं आणि गरिबी, शिक्षण, मानवी हक्क व कॅरेन संस्कृती ही कामं हाती घेतली. मुलगी झोया फान ब्रिटनमधून ब्रह्मदेशातल्या अत्याचारांविरुद्ध बोलत राहिली. या वाटेनं जाऊ पाहणाऱ्या कॅरेन मुलांसाठी आणि त्यांना हातभार लावणाऱ्यांसाठी हे टिपण आहे.

पहिल्या वर्षी आईबापांच्या नावाचा पुरस्कार नको, संस्थाही नको. नोंद करा. त्यांच्या सोबतचे लोक म्हातारे होतात, काही तर थायलंडमधल्या मे ला सारख्या निर्वासित छावणीतून उठून अमेरिका-ऑस्ट्रेलियात विखुरलेत. आठवणी सांगायला दहा-बारा माणसं ठरवा, एका बैठकीला दीड तास पुरे. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच तीन गोष्टी विचारून घ्या: नाव वापरू का, आवाज ऐकवू का, आणि हे आत्ताच खुलं करायचं की दहा वर्षांनी? सांगणाऱ्याचे नातेवाईक अजून कॅरेन राज्यात असतील, तर फाइलला नाव नको, ‘क-07’ असा क्रमांक द्या. क्रमांकामागची नावं कागदावर लिहून वेगळ्या घरी ठेवा, फोनमध्ये नाही. फोटो काढताना फोनचं लोकेशन बंद करा. एवढं एक विसरलं की बाकी सगळी गुप्तता वाया जाते.

नावांचा घोळ ठरलेलाच. कॅरेन लोकांत परंपरेनं आडनाव नसतं. सॉ, नॉ, मान, नान हे ‘श्री’, ‘श्रीमती’सारखे शब्द, आणि पाडो हा संघटनेतला मानाचा शब्द. म्हणून ‘सॉ’ खाली यादी लावली तर निम्मे पुरुष एकाच कप्प्यात येतात. यादी मूळ नावानं लावा आणि टोपणनाव, चळवळीतलं नाव, गाव हे रकाने वेगळे ठेवा.

तारखांचंही तसंच. म्हातारी माणसं ब्रह्मी सन सांगतात. इसवी सन काढायला त्यात 638 मिळवा. जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंतची घटना असेल तर 639. कॅरेन सन सांगितला तर त्यातून 739 वजा करा. साल आठवतच नसेल तर खुणेनं विचारा: मानेरप्लॉ हे संघटनेचं मुख्यालय पडलं (जानेवारी 1995) त्याआधी की नंतर? भाताची लावणी चालू होती की कापणी? सालापेक्षा हे उत्तर बहुतेकदा जास्त भरवशाचं निघतं.

कागद 300 डीपीआयनं, छायाचित्रं 600 डीपीआयनं स्कॅन करा. लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा सुटत नाही. ओलसर कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला तर पहिल्याच पावसाळ्यात बुरशी धरते. प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या देशात. जुन्या कॅरेन फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणून ठेवा, नाहीतर आपल्याकडे शिवाजी फॉन्टमधल्या फाइलींचं जे होतं तेच: उघडतात, पण वाचता येत नाहीत.

निधी त्यानंतर. विश्वस्त पाच, त्यात भावंडं दोनच. सगळी भावंडं बसली की हिशेबाचं भांडण घरात शिरतं. बँकेत दोन सह्या ठेवा. तीन वर्षांच्या पुरस्काराची रक्कम हातात आल्याशिवाय पहिला पुरस्कार जाहीर करू नका. हा पैसा सशस्त्र दलाच्या पैशापासून पूर्ण वेगळा असावा. मिसळला तर बँक खातं गोठवू शकते, आणि शिष्यवृत्ती घेणारी मुलं विनाकारण अडचणीत येतात.

राहिला स्मरणाचा दिवस. मृत्यूचा दिवस घरासाठी ठेवावा, जाहीर कार्यक्रम 12 ऑगस्टला. 1950 मध्ये त्या दिवशी कॅरेन नॅशनल युनियनचे पहिले अध्यक्ष सॉ बा ऊ जी मारले गेले. त्यांचा मृतदेह समुद्रात टाकल्यामुळे कबरच नाही, म्हणून या तारखेला एवढं वजन आहे. मंचावर त्यांचं छायाचित्र मधे, आपल्या माणसाचं बाजूला. त्यांची चार तत्त्वं त्या दिवशी म्हटली जातातच. ‘शरणागती नाही’ हे पहिलं तत्त्व कुणालाही म्हणता येईल, पण शस्त्रं खाली न ठेवण्याचं तत्त्व धर्मादाय संस्थेच्या पत्रकावर छापू नये. ते संघटनेच्या मंचावरून म्हटलं जाऊ द्या.