सेल्फ-हेल्प तज्ज्ञांचे टॉक शो: नैतिकतेच्या नजरेने एक भाग कसा तपासावा

टॉक शोच्या मंचावर एक कुटुंब येऊन बसते. मुलाचे व्यसन, नवऱ्याचा खोटेपणा किंवा मायलेकींमधला अबोला यांबद्दल ते अनोळखी प्रेक्षकांसमोर बोलते, आणि सूत्रसंचालकाच्या खुर्चीतील तज्ज्ञ तासाभरात त्यांना मार्ग दाखवतो. नंतर घरोघरी चर्चा होते ती सल्ला योग्य होता की नव्हता, याची. माझ्या मते त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: पाहुण्याचे हित आणि कार्यक्रमाचे हित एकमेकांच्या आड आले, त्या क्षणी तज्ज्ञाने कोणाची बाजू घेतली? असा क्षण बहुतेक प्रत्येक भागात येतो, आणि तो ओळखता यावा यासाठीच ही तपासणी आहे.

तपासणीसाठी एक पूर्ण भाग निवडावा. समाजमाध्यमांवर फिरणारे दोन मिनिटांचे तुकडे या कामाला उपयोगी पडत नाहीत, कारण पाहुण्याला काय सांगून बोलावले आणि निरोप देताना काय हाती दिले, हे दोन्ही त्यांतून कापलेले असते. भाग दोनदा पाहावा. पहिल्यांदा नेहमीसारखा पाहावा आणि दुसऱ्यांदा फक्त पाहुण्याच्या चेहऱ्याकडे, हातांकडे आणि त्याच्या अर्धवट राहिलेल्या वाक्यांकडे लक्ष ठेवावे. दुसऱ्या वेळी पुष्कळ गोष्टी वेगळ्या दिसतात.

सुरुवात सूत्रसंचालकाच्या अधिकारापासून करावी. येथे पदवी आणि परवाना यांतील फरक नीट समजून घेणे आवश्यक आहे. अमेरिकेतील ‘डॉ. फिल’ हा कार्यक्रम 2002 ते 2023 या काळात चालला. त्याचे सूत्रसंचालक फिल मॅकग्रॉ यांनी 1979 मध्ये मानसशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली होती. मात्र टेक्सास राज्यातील आपला व्यवसाय-परवाना त्यांनी 2006 नंतर चालू ठेवला नाही. कॅलिफोर्नियातील मानसशास्त्र मंडळाने तर 2002 मध्येच असे ठरवले होते की, हा कार्यक्रम मनोरंजन असल्यामुळे त्यासाठी परवान्याची गरज नाही. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा आहे. प्रेक्षकाच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ गंभीर आहे, कारण परवान्याबरोबर गोपनीयता पाळण्याचे बंधन येते, तक्रार ऐकणारी यंत्रणा येते आणि चूक झाल्यास व्यवसाय करण्याचा हक्क गमावण्याची शक्यताही येते. नावामागची ‘डॉक्टर’ ही उपाधी कायम राहते, तिच्यासोबतची उत्तरदायित्वाची चौकट मात्र राहत नाही, आणि पाहुणा व प्रेक्षक दोघेही त्या उपाधीकडे पाहूनच विश्वास टाकतात. म्हणून कार्यक्रमात ‘उपचार’, ‘निदान’, ‘रुग्ण’ हे शब्द कोणी आणि कधी वापरले, याची नोंद करावी. श्रेयनामावलीत ‘हा वैद्यकीय सल्ला नाही’ अशी बारीक अक्षरांतील सूचना असेल आणि मंचावर मात्र निदान चालले असेल, तर ती सूचना पाहुण्याच्या रक्षणासाठी नसून निर्मात्यांच्या रक्षणासाठी आहे, असे समजावे.

औपचारिक पदवी नसलेला सूत्रसंचालक आपोआप अनैतिक ठरत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. स्वतःच्या अनुभवातून बोलणारा आणि ‘यापुढचे काम माझे नाही’ असे वेळीच सांगणारा माणूस, मर्यादा न सांगणाऱ्या पदवीधरापेक्षा अधिक विश्वासार्ह असतो.

यानंतर संमतीकडे वळावे. या मुद्द्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण या कार्यक्रमांतील बहुतेक नैतिक प्रश्न अखेर येथेच येऊन थांबतात. पाहुण्याने करारावर सही केलेली असते, एवढ्याने संमती पुरी होत नाही. त्याला नेमके काय माहीत होते आणि नकार देण्याच्या स्थितीत तो होता का, हे पाहावे लागते. अमेरिकेतील ‘जेनी जोन्स शो’च्या मार्च 1995 मधील चित्रीकरणात एका पुरुषाला त्याच्यावर गुप्तपणे प्रेम करणारी व्यक्ती अचानक समोर आणून दाखवण्यात आली, ती व्यक्तीही पुरुषच होती. तीनच दिवसांनी पहिल्याने दुसऱ्याचा खून केला. 1999 मध्ये ज्यूरीने मृताच्या कुटुंबाला सुमारे अडीच कोटी डॉलर भरपाई देण्याचा निर्णय दिला, पण 2002 मध्ये वरच्या न्यायालयाने तो रद्द केला. खुनाची जबाबदारी खुन्याचीच, याबद्दल दुमत असू नये. तरीही ज्याची प्रतिक्रिया काय होईल हे कोणालाच माहीत नाही, अशा माणसाला कॅमेऱ्यासमोर धक्का देणे म्हणजे त्याची संमती न घेताच त्याचा वापर करणे होय. तेव्हा भागात काही ‘अनपेक्षित’ उघड होत असेल, तर ते कोणासाठी अनपेक्षित आहे हे विचारावे. केवळ प्रेक्षकांसाठी असेल तर ती कथनाची रीत झाली. पाहुण्यासाठी असेल तर तो सापळा झाला.

संमतीचा दुसरा आणि अधिक अवघड पैलू गरजेचा आहे. अशा कार्यक्रमांत अनेकदा पाहुण्याला व्यसनमुक्ती केंद्रातील किंवा अन्य ठिकाणचे उपचार कार्यक्रमाच्या खर्चाने देऊ केले जातात. ज्या कुटुंबाला तो खर्च परवडण्यासारखा नाही, त्याच्यासाठी ही मदत खरी असते आणि तिने कोणाचे आयुष्य सावरलेही असेल. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु उपचाराची किंमत म्हणून आपली लाज, आपले आजारपण आणि आपल्या घरातील भांडण जगासमोर मांडावे लागत असेल, तर ती निवड कितपत मोकळी उरते? माझे मत असे की, प्रसारणाला शेवटच्या क्षणी नकार दिला तरी उपचार मिळणार असतील, तरच ती मदत मदत म्हणता येईल.

पाहुणा त्या वेळी आजारी किंवा नशेच्या अमलाखाली असेल, किंवा ज्यांच्याबद्दल बोलले जात आहे ती मुले असतील, तर निकष आणखी कडक लावावा. 2016 मध्ये अभिनेत्री शेली डुव्हाल यांची मुलाखत ‘डॉ. फिल’मध्ये दाखवण्यात आली तेव्हा त्यांची मानसिक अवस्था ढासळलेली स्पष्ट दिसत होती, आणि एका आजारी व्यक्तीचे प्रदर्शन मांडल्याची कठोर टीका कार्यक्रमावर झाली. बालकाच्या बाबतीत तर आईवडिलांची सही ही त्याची संमती होऊच शकत नाही, कारण तो मोठा झाल्यावर त्याचे वर्गमित्र आणि त्याला नोकरी देणारे लोक तेच दृश्य पाहू शकतात.

गोपनीयतेची कसोटी तुलनेने सोपी आहे. जी व्यक्ती मंचावर नाही, तिच्याविषयी तज्ज्ञ काय बोलतो ते ऐकावे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 मध्ये ‘गोल्डवॉटर नियम’ म्हणून ओळखला जाणारा नियम स्वीकारला. स्वतः तपासलेले नाही आणि जिची परवानगी नाही, अशा सार्वजनिक व्यक्तीबद्दल व्यावसायिक मत जाहीर करू नये, असे तो सांगतो. सूत्रसंचालकाला तो कायद्याने लागू नाही. प्रेक्षकाने मात्र तो मोजपट्टी म्हणून वापरण्यास काहीच हरकत नाही. जानेवारी 2008 मध्ये गायिका ब्रिटनी स्पिअर्स यांना रुग्णालयात भेटून आल्यावर मॅकग्रॉ यांनी त्यांच्या स्थितीबद्दल जाहीर निवेदन केले. त्यावर कुटुंबाच्या बाजूने विश्वासभंगाचा आक्षेप घेण्यात आला आणि नियोजित भाग रद्द झाला.

सल्ल्याच्या शास्त्रीय आधाराबद्दल थोडक्यात सांगता येईल. डिसेंबर 2014 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाने ‘द डॉ. ओझ शो’ या अमेरिकेतील आरोग्यविषयक टॉक शोमधील शिफारशींची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी 46 टक्के शिफारशींना पुरावा होता, 15 टक्के शिफारशी उपलब्ध पुराव्याच्या विरोधात होत्या, आणि 39 टक्क्यांबाबत पुरावाच सापडला नाही. म्हणून ‘संशोधन सांगते’ असे वाक्य कानावर पडताच कोणते संशोधन, हे सांगितले गेले की नाही ते पाहावे. त्याच ओघात सूत्रसंचालकाचे पुस्तक, शिबिर किंवा औषध विकले जात असेल, तर सल्ला आणि जाहिरात यांतील सीमारेषा पुसली गेली असे मानावे.

यानंतर कॅमेरा बंद झाल्यावर काय होते, ते शोधावे. ब्रिटनमधील ‘जेरेमी काइल शो’ हा सेल्फ-हेल्प कार्यक्रम नव्हता, तरी कुटुंबातील भांडणे मंचावर सोडवण्याचा त्याचा साचा जवळचाच होता, आणि 2007 मध्ये एका न्यायाधीशांनी त्याची तुलना अस्वलावर कुत्रे सोडण्याच्या जुन्या खेळाशी केली होती. मे 2019 मध्ये, खोटे पकडणाऱ्या यंत्राच्या चाचणीत नापास ठरवलेल्या एका पाहुण्याचा चित्रीकरणानंतर काही दिवसांतच मृत्यू झाला आणि कार्यक्रम कायमचा बंद करण्यात आला. कार्यक्रमामुळेच मृत्यू ओढवला, असा निष्कर्ष पुढे 2024 च्या चौकशीत निघाला नाही, आणि तो आपणही काढू नये. पण ज्या यंत्राच्या निकालाची विश्वासार्हता शास्त्रीयदृष्ट्या वादग्रस्त आहे, त्याच्या आधारे माणसाला खोटारडा ठरवून घरी पाठवणे हे त्या निष्कर्षाशिवायही गैर ठरते. ब्रिटनच्या ‘ऑफकॉम’ या नियामक संस्थेने एप्रिल 2021 पासून सहभागी व्यक्तींच्या काळजीविषयीचे नवे नियम लागू केले. चित्रीकरणापूर्वी संभाव्य धोक्याची कल्पना देणे त्यांत अपेक्षित आहे. एखाद्या कार्यक्रमाच्या निर्मात्यांनी पाहुण्यांच्या काळजीविषयी काहीच जाहीर केलेले नसेल, तर तशी नोंद करावी.

कधी स्वतःला किंवा घरातील कोणाला अशा मंचाचे निमंत्रण आले, तर याच तपासणीतून चार मागण्या तयार होतात आणि त्या लेखी कराव्यात. मंचावर आणखी कोण येणार आणि कोणते विषय निघणार, हे आधी कळावे. संकलन झालेला भाग प्रसारणापूर्वी पाहता यावा. तो पाहून माघार घेण्याचा हक्क असावा. आणि पुढील काही महिने कार्यक्रमाशी संबंध नसलेला परवानाधारक समुपदेशक उपलब्ध असावा. उत्तर फोनवर मिळाले, तर तेच ईमेलने पाठवण्यास सांगावे आणि ते येईपर्यंत कशावरही सही करू नये.